एकटं जेवायला बसताय? या चुका टाळा

हॉटेलच्या दारात कुणी "किती जण?" विचारलं की चारचौघांत फाडफाड बोलणाऱ्या माणसांचाही आवाज पडतो. "एकटीच आहे." सगळा घोटाळा त्या ‘च’मध्ये आहे. जणू तीन माणसं आणायची ठरली होती आणि वाटेत हरवली, त्याबद्दल क्षमस्व. मी नुसतं ‘एक’ म्हणते आणि एक बोट वर करते. समोरच्याला हिशेब कळतो, आपल्याला खुर्ची मिळते, संपलं.

शालेय पुस्तकांच्या विक्रीसाठी मी सतरा वर्षं फिरले. आधी सांगली-कोल्हापूर, मग कोकण, मग जिथे पाठवतील तिथे. आता स्वतःच्या हौसेने फिरते. त्यामुळे भाच्या आणि मैत्रिणींच्या मुली पहिल्या एकट्या सहलीआधी मला फोन करतात, परत आल्यावर पुन्हा करतात आणि नेमक्या त्याच चुका सांगतात. "मावशी, मला नाही जमणार हे, माझा स्वभावच नाही." स्वभावाचा काही संबंध नसतो. चुकीच्या वेळी, चुकीच्या हॉटेलात, चुकीच्या खुर्चीवर बसलं की माझीही चिडचिड होते.

पार्सल घेऊन खोलीवर पळणं

माझा सगळ्यात जास्त राग या चुकीवर आहे, कारण ती मी स्वतः केली आहे.

नोकरीचं पहिलं वर्ष, कोल्हापूर, बुधवारची रात्र. लॉजवाल्याने सांगितलेल्या खानावळीचं दार ढकललं, तर आत सगळे पुरुष. बुधवार म्हणजे मटणाचा वार, एक खुर्ची रिकामी नाही. कुणी माझ्याकडे बघितलंही नसेल, पण मला वाटलं सगळी खानावळ थांबली. तोंडातून निघून गेलं, "पार्सल मिळेल का?"

मिळालं की. तांबडा एका पिशवीत, पांढरा दुसऱ्या पिशवीत, दोन्हींच्या तोंडाला दोरा गुंडाळलेला, सुकं मटण तिसरीत आणि भाकऱ्या वर्तमानपत्रात. लॉजच्या खोलीत एक जग आणि एक स्टीलचा पेला. ताट नाही, वाटी नाही, टेबल नाही. पलंगावर पेपर पसरला. तांबड्याच्या पिशवीचा दोरा सुटेना म्हणून दाताने ओढला आणि ती पिशवी बुडातून फुटली. पांढरी चादर, उशी, माझा सलवार, सगळीकडे तांबडा. पांढरा रस्सा पेल्यात ओतून प्यायले. तो एव्हाना गार होऊन वर चरबीचा थर धरला होता. भाकरी सुक्या मटणाशी खाल्ली आणि त्याच चादरीच्या कोरड्या कोपऱ्यावर झोपले. सकाळी खोली झाडायला आलेला पोरगा चादर बघून दोन पावलं मागे सरला. "रस्सा आहे रे," म्हटलं, तर त्याने वास घेऊन खात्री केली. चादरीचे पैसे भरले ते वेगळेच.

दुसऱ्या दिवशी हट्टाने त्याच खानावळीत गेले, पण साडेसात वाजताच. एका कोपऱ्यात आजोबा एकटे जेवत होते, त्यांच्या पलीकडच्या बाकावर बसले. वाढपी दोन्ही हातांत भांडी घेऊन फिरत होता. "ताई, पांढरा वाढू?" वाटी अर्धी झाली की पुन्हा, "तांबडा?" तेव्हा कळलं, आदल्या रात्री मी जेवण आणलंच नव्हतं, जेवणाचा नमुना आणला होता. कोल्हापूरच्या ताटाची गंमत त्या फिरत्या भांड्यांत आहे. ती पिशवीत बांधून मिळत नाही. आणि लोक बघतात म्हणाल, तर समोर गरम मटण असताना दुसऱ्याच्या ताटाकडे बघायला कुणाला वेळ असतो?

आता तर पार्सललाही जावं लागत नाही, फोनवर बोट दाबलं की डबा खोलीच्या दारात. तीनशे किलोमीटर प्रवास करून मालवणला जायचं आणि दार लावून पनीर मागवायचं, असली माणसं मी पाहिली आहेत. आजारी असाल, मुसळधार पाऊस असेल, तर जरूर मागवा. एरवी नको.

अर्ध्या जेवणातून उठणं

ही अडचण फक्त एकट्याची. दोघं असतील तर एक जण उठतो, दुसरा ताट राखतो. आपलं ताट राखायला कोणी नसतं.

मालवणातली गोष्ट. दुपारचा एक, सुरमईची थाळी. मी निम्मा भात खाल्लेला, तळलेल्या तुकडीचा मधला चांगला भाग शेवटी खायचा म्हणून बाजूला ठेवलेला आणि सोलकढीला हातही लावलेला नाही. साहेबांचा फोन आला. आत आवाज ऐकू येईना म्हणून हात धुऊन बाहेर गेले. चार मिनिटांनी परत येते तर टेबल पुसलेलं, आणि माझ्या खुर्चीवर एक गृहस्थ, त्यांच्यापुढे नवं ताट. वाढणाऱ्या पोराची चूक काय? हात धुतले, बाई गेली, ताट उचललं. तो बिचारा दुसरं ताट आणतो म्हणाला, मीच लाजून नको म्हटलं. ती माझी दुसरी चूक. ती तुकडी मला अजून आठवते.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली आहे. आत शिरल्यावर आधी पिशवीसकट बेसिनकडे. हात धुणं, तोंडावर पाणी, बाथरूम, सगळं उरकायचं आणि मगच टेबल धरायचं. फोन पिशवीत, आवाज बंद. एकदा ताट आलं की उठायचं नाही. अगदीच उठावं लागलं तर वाढणाऱ्याला तोंडाने सांगायचं, "दादा, माझं व्हायचंय अजून." नुसता रुमाल ठेवून भागत नाही, रुमाल ‘विसरला’ असं समजून गल्ल्यावर जमा होतो. आणि पिशवी खुर्चीवर ठेवून जायचं नाही. गल्ल्यावर कुणी मावशी असतील तर त्यांच्याकडे द्यायची.

थेट अवघड परीक्षेला बसणं

हल्लीच्या पोरींना एका रात्रीत धीट व्हायचं असतं. पहिलीच एकटी सहल गोव्याला, पहिलंच एकटं जेवण शनिवारी रात्री मेणबत्त्यांच्या हॉटेलात, आजूबाजूला नवी जोडपी. मग खोलीवर येऊन रडायचं. पोहायला शिकताना थेट समुद्रात कुणी उडी घेतं का?

ज्यांना खरंच धास्ती वाटते त्यांना मी आधी पंगतीत बसायला सांगते. शेगावला गजानन महाराजांच्या मंदिरात महाप्रसादाला बसा, किंवा अक्कलकोटच्या अन्नछत्रात. डावीकडे अनोळखी, उजवीकडे अनोळखी, कोण कोणाबरोबर आलंय ते वाढणाऱ्याला ठाऊक नसतं आणि त्याला त्याचं काही पडलेलंही नसतं. आपल्या आज्या-पणज्या एकट्याने हॉटेलात गेल्या नसतील, पण अनोळखी माणसाच्या मांडीला मांडी लावून त्या जेवल्या आहेत. हे आपल्याला नवीन नाही, टेबल तेवढं नवीन आहे.

त्यानंतर, जिथे टेबल वाटून घेणं हीच रीत आहे अशी ठिकाणं. माटुंगा स्टेशनाजवळ 1942 पासून चालू असलेलं रामा नायक यांचं उडुपी बोर्डिंग घ्या. तिथे कुपन घेऊन नंबर लावायचा आणि जागा मिळेल तिथे बसायचं. चौघांच्या कुटुंबाला शेजारी-शेजारी बसायला ताटकळावं लागतं, एकट्याची सोय आधी होते. बंगळुरूत लालबाग रस्त्यावरच्या एमटीआर या हॉटेलातही, 1924 सालचं ते, अनोळखी माणसं एका टेबलावर बसून मसाला डोसा खातात. बंगळुरूच्याच दर्शिनी नावाच्या छोट्या हॉटेलांत तर खुर्चीच नसते, उभ्याने खाऊन निघायचं, मग एकटं दिसण्याचा प्रश्नच कुठे? कोलकात्याच्या जुन्या पाइस हॉटेलांवर, म्हणजे स्वस्त खानावळींवर, माझा विशेष जीव आहे. भात, डाळ, माशाचा तुकडा, सगळ्याचे दर सुटे, एवढंच काय, केळीचं पान आणि लिंबाची फोड यांचेही वेगळे पैसे. एकट्या पोटाला लागेल तेवढंच घ्या, अशा हिशेबाने केलेली ती जागा आहे.

वेळ पाळा. रविवारी दुपारी दीडला चौघांचं टेबल एकटीने अडवलं तर मालक घुटमळणारच, आणि ते तुमच्याबद्दलचं मत नसतं, धंदा असतो. मी साडेबाराच्या आत बसते, रात्री साडेसातला. उलट फार उशीरही नको. गोव्यात दुपारी तीननंतर बरीच हॉटेलं सातपर्यंत बंद असतात, भर उन्हात एकेक बंद दार बघत फिरण्याइतकं एकटेपण दुसरं नाही. मटण-माशांच्या खानावळीत शांतता हवी तर सोमवार, गुरुवार, शनिवार बरे. गर्दी निम्मी असते, अर्थात मासेही निम्मे असतात.

‘मॅडम, फॅमिलीत बसा’

‘फॅमिली’ हा शब्द आपल्याकडच्या हॉटेलांत बाईसाठी वापरतात, ती एकटी असली तरी. चूक तिथे बसण्यात नाही, न बघता बसण्यात आहे. पडद्यामागच्या खोपट्यात बसवलं की वेटर तुम्हाला विसरतो. पहिली पोळी संपते, भाजी गार होते आणि तुम्ही पडद्यातून डोकं काढून "अहो, ऐकलं का" करत बसता. मी आधी बाहेर नजर टाकते. लोक जेवत असतील तर "इथेच बसते" म्हणून गल्ल्याजवळची, भिंतीला पाठ लागेल अशी जागा धरते. गल्ल्यावरच्या माणसाची नजर तुमच्या ताटावर राहते, वेटर आपोआप वेळेवर येतो. पण रात्रीची वेळ, हायवे आणि टेबलांवर ताटांपेक्षा बाटल्या जास्त असतील, तर मुकाट फॅमिलीत बसते नाहीतर पुढचं हॉटेल गाठते. प्रत्येक ठिकाणी क्रांती करायची गरज नसते, भूक लागलेली असते.

बाकी किरकोळ, पण रोजच्या

एकटेपणाची भरपाई म्हणून दोन भाज्या आणि तीन रोट्या मागवू नका. "हाफ मिळेल का?" विचारा. मेनूवर नसलं तरी बऱ्याच ठिकाणी मिळतं.

माशाचा भाव आधी विचारा. अख्खं पापलेट आलं आणि मग बिल आलं, की कुणाबरोबर वाटून घेणार? जूनच्या सुरुवातीपासून जुलैअखेरपर्यंत तरी आपल्या पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते. त्या दिवसांत ‘ताजी सुरमई’ असं म्हणणाऱ्याकडे मी अंडा करी मागवते.

मोबाइल टेकवून मालिका लावू नका. वेटर येऊन उभा राहून परत जातो, तुम्हाला पत्ता नसतो, आणि पुन्हा ‘इथे कुणी विचारतच नाही’ ही तक्रार आहेच. मी छोटी वही ठेवते, दिवसाचा खर्च लिहिते. जपानात इचिरान नावाच्या रामेनच्या, म्हणजे रश्शातल्या नूडल्सच्या, दुकानांत म्हणे एकेकट्यासाठी दोन्ही बाजूंना फळ्या आणि समोर पडदा असतो. कुणाला आवडत असेल. मला तर ते परीक्षेत कॉपी करू नये म्हणून बसवल्यासारखं वाटतं. जेवताना माणसं दिसायला हवीत.

"एकट्याच आलात? कुठे उतरलात?" याला खरं उत्तर द्यायचं बंधन नाही. चौकशी बहुतेक वेळा साधी असते. तरी मी "मंडळी येतायत मागून" असं ठोकून देते आणि लॉजचं नाव कधीच सांगत नाही. अशा खोट्याचं पाप लागत नाही.

बसल्याबसल्या बाटलीचं पाणी उघडून ठेवतात. "साधं पाणी द्या" हे बाटलीचं झाकण फिरायच्या आत म्हणायचं.

बिल वाचा. एकटं माणूस वाद नको म्हणून मुकाट पैसे देतं. सर्व्हिस चार्ज आपोआप लावता येत नाही, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्येच तसं सांगितलंय आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये ते उचलून धरलंय. "हे काढा" एवढं पुरतं. नाहीच काढलं तर ग्राहक हेल्पलाइन 1915.

दारात लोक ताटकळत असतील तर बडीशेप चघळत वही काढू नका, उठा. आणि सुटे ठेवा. खानावळीत पाचशेची नोट मोडायला गल्ल्यावरची मावशी शेजारच्या पानवाल्याकडे जाते, तोवर तुम्ही उभ्या, मागे आठ माणसं, आणि तेव्हा मात्र सगळे खरंच तुमच्याकडे बघत असतात.