चीनच्या एकपक्षीय राजवटीचा अभ्यास करायचाय? मग कन्फ्युशियसपासून सुरुवात करू नका

पॉलिटिकल सायन्सला एमए करणारी किंवा यूपीएससीला पीएसआयआर (राज्यशास्त्र आणि आंतरराष्ट्रीय संबंध) हा विषय घेतलेली पोरं हल्ली बरेचदा विचारतात की चीनवर काम करायचंय, सुरुवात कुठून करू. मी दिल्लीत चायनीज स्टडीज केलं आणि आता त्यावरच पोट भरतोय, म्हणून मला जे उपयोगी पडलं ते एकदाच लिहून टाकतो.

बहुतेक जण इ.स.पू. 221 पासून सुरू करतात. छिन सम्राटाने देश एक केला, मग परीक्षा देऊन आलेले मँडरिन, म्हणजे दरबारी अधिकारी, मग थोरामोठ्यांपुढे मान तुकवायची कन्फ्युशियसची शिकवण, आणि शेवटी निष्कर्ष काय, तर चिनी माणसाला पहिल्यापासून एका हुकमाची सवयच आहे. ऐकायला झकास वाटतं, वायव्हाला खपूनही जातं. पण मग तैवानचं काय करणार? कन्फ्युशियस तोच, 1949 ते 1987 मार्शल लॉ, सत्तेत एकटा कुओमिंतांग (चीनमध्ये कम्युनिस्टांकडून हरून तिकडे गेलेला पक्ष), आणि तरी 1986 ला विरोधी पक्ष निघाला, 1996 ला लोकांनी थेट राष्ट्राध्यक्ष निवडला आणि 2000 ला कुओमिंतांगने हरून मुकाट खुर्ची सोडली. सगळं संस्कृतीवर ढकलणारं काहीही वाचताना ही एक केस शेजारी ठेवायची, बस्स.

जुना इतिहास सोडून द्या असं नाही म्हणत मी. अधिकाऱ्याला स्वतःच्या प्रांतात पोस्टिंग द्यायची नाही, सारख्या बदल्या करायच्या, या छिंग (शेवटच्या राजघराण्याच्या) काळातल्या खोडी आजच्या चीनमध्येही दिसतात. पण 1905 ला ती परीक्षा बंद झाली, 1912 ला सम्राट गेला, आणि मुद्द्याचं सगळं त्याच्यानंतर घडलं. निवडणूक पण झालेली बरं का, कुओमिंतांग जिंकलेला, आणि त्यांचा नेता सुंग च्याओरेन याला मार्च 1913 मध्ये शांघायच्या रेल्वे स्टेशनवर गोळ्या घातल्या. पुढच्या वर्षी राष्ट्राध्यक्ष असलेल्या जनरल युआन शिकायने पार्लमेंटच गुंडाळलं, नंतर वॉरलॉर्डचा धुमाकूळ, ज्याच्याकडे सैन्य त्याचा प्रांत. कुओमिंतांगचा संस्थापक सन यत् सेन यातून एवढंच शिकला की स्वतःचं सैन्य असलेला, कडक शिस्तीचा पक्ष असल्याशिवाय इथे काही होत नाही. 1924 ला सोविएत सल्लागार बोरोदिनला हाताशी धरून त्याने पक्षाची बांधणी लेनिनच्या पद्धतीने केली, म्हणजे वरून आलेला हुकूम खालच्याने मोडायचा नाही. 1921 ला शांघायमध्ये निघालेला कम्युनिस्ट पक्ष तर पहिल्यापासून त्याच साच्यातला.

आता कोणी म्हणेल, अहो मग तैवानवाला पक्षपण लेनिनवालाच झाला की. झाला ना, पण सनने कागदावर लिहून ठेवलेलं की पक्षाची राजवट तात्पुरती, शेवटी संविधानाचं राज्य आणायचं, त्यामुळे लोकांना ते मागता आलं. कम्युनिस्टांनी असलं वचन कधी दिलंच नाही. वर त्यांनी पक्ष गावागावात जमीन वाटत, जमीनदारांचे हिशोब चुकते करत उभा केला, आणि 1942 पासून येनान या आपल्या तळावर केडरला (पक्षाच्या कार्यकर्त्यांना) बसवून बसवून आत्मटीका करायला लावत एका सुरात आणलं. (त्याच वर्षी आपले सोलापूरचे डॉ. कोटणीस तिकडे उत्तर चीनमध्ये सैनिकांवर उपचार करता करता पक्षाचे सदस्य झाले, आणि डिसेंबरमध्ये गेलेही.)

कम्युनिस्ट पक्ष सत्तेत टिकला कसा हे कळायला माझा आवडता उद्योग सांगतो, नेत्यांचे बायोडेटा वाचायचे. शी जिनपिंगचाच घ्या. 1982 ला हेबेई प्रांतातल्या चंगतिंग या काउंटीत (आपल्या तालुक्यासारखं) पक्षाचा उपसचिव, मग सचिव, 1985 पासून 17 वर्षं फुजियानमध्ये एकेक पायरी, 2002 ला चचियांगचा पक्षसचिव, 2007 ला शांघाय आणि तिथून थेट पॉलिटब्युरोच्या स्टँडिंग कमिटीत, म्हणजे देश चालवणाऱ्या मोजक्या नेत्यांत. या यादीत सामान्य मतदाराने मत देऊन मिळालेली एकही खुर्ची नाही, प्रत्येक नेमणूक पक्षाच्या संघटन विभागाच्या फाइलीतून. मोठ्या सरकारी कंपन्यांचे प्रमुख, विद्यापीठांचे प्रमुख, पेपरचे संपादक, सगळे त्याच फाइलीत. आपल्याकडे कलेक्टरच्या वर सत्ताधारी पक्षाचा जिल्हाध्यक्ष अधिकृतपणे बसवला आणि दोघांचं प्रमोशन एकाच टेबलावरून होतंय असं समजा. म्हणून शांघायच्या महापौराचं नाव पाठ करून उपयोग नाही, पक्षसचिव कोण ते बघा.

सैन्याचंही तसंच, ते पक्षाचं. 1989 ला देंग श्यावफिंग ना राष्ट्राध्यक्ष, ना पंतप्रधान, ना सरचिटणीस, फक्त लष्करी आयोगाचा अध्यक्ष, तरी तियानानमेन चौकातलं आंदोलन सैन्य घालून चिरडायचं ठरलं तेव्हा शेवटचा शब्द त्याचाच.

बाकी 1981 चा माओच्या चुकांवरचा ठराव जरूर वाचा, माणसाला दोष देऊन पक्ष कसा वाचवायचा याचा नमुना आहे तो. दहा कोटींच्या आसपास सदस्य, 2002 पासून उद्योजकांनाही रीतसर दार उघडं, सोविएत संघ का कोसळला यावर पक्षाने स्वतः करून घेतलेला अभ्यास, हे कुठल्याही बऱ्या पुस्तकात मिळेल.

भाषा मात्र शिका. निदान बायोडेटा वाचता येईल एवढी. 2018 ला राष्ट्राध्यक्षपदाची दोन टर्मची अट काढली, वारस कोण ते आज कोणालाच सांगता येत नाही, आणि नियमाप्रमाणे पुढची पार्टी काँग्रेस 2027 ला. तोवर प्रांतांच्या पक्षसचिवांची एक एक्सेल शीट करून ठेवा, कोण कोणाच्या हाताखाली कधी होता हा कॉलम सोडू नका, चचियांगमध्ये शीच्या हाताखाली काम केलेला ली छियांग पंतप्रधान होणार हे त्याच कॉलमवरून आधी ओळखता येत होतं.