राजमा ब्रीडिंगमध्ये नवीन आहात? हिरव्यागार झाडाला भुलू नका

कोरड्या भागासाठी जात काढायची म्हणजे पाणी नसतानाही हिरवं राहणारं झाड शोधायचं, असं मला पहिली दोन वर्षं वाटायचं. प्लॉटमध्ये सगळं करपलेलं आणि एक लाईन (एकाच झाडापासून पुढे वाढवलेला वाण) मस्त हिरवीगार उभी, मी तिलाच टॅग लावत सुटलो, आणि काढणीला शेंगा सोलल्या तर दाणे सुरकुतलेले, काहींत तर नुसतं टरफल. झाडाने पाला सांभाळला पण दाण्यात काही उतरवलंच नाही.

तेव्हापासून वाळलेल्या शेंगांचं आधी अख्खं वजन घेतो, मग त्यातल्या दाण्यांचं, म्हणजे १०० ग्रॅम शेंगेत दाणा किती ते कळतं. याला पॉड हार्वेस्ट इंडेक्स म्हणतात, साधा वजनकाटा पुरतो. मुळांचंही तेच, कितीही खोल गेली तरी वर दाणा भरत नसेल तर काय उपयोग.

आणि शेजारी पाणी दिलेला प्लॉट हवाच. नुसत्या कोरड्या प्लॉटवरून निवड केली की लवकर पिकून दुष्काळातून निसटणाऱ्या लाईन्स पुढे येतात, मग पाऊस बरा झालेल्या वर्षी त्याच मागे पडतात.

क्रॉसिंग, म्हणजे दोन वाणांचा संकर, हाताने शिकायचं काम आहे. राजमा स्वपरागी, फूल उमलेपर्यंत आत परागीभवन उरकलेलं असतं, म्हणून उमलायच्या आदल्या दिवशीची कळी चिमट्याने उघडून पुंकेसर काढायचे, आणि सुरुवातीला निम्म्या कळ्या तुमच्याच हातून मोडणार. अँडियन (दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज भागातला) आणि मेसोअमेरिकन (मेक्सिको-मध्य अमेरिकेतला) या राजम्याच्या दोन गटांच्या क्रॉसमध्ये कधीकधी एफ१, म्हणजे पहिल्या पिढीची रोपं खुजी राहून मरतात, तो जनुकांचा खेळ असतो, उगाच स्वतःला दोष देत बसू नका (मी बसलो होतो). टेपरी बीन ही राजम्याची नातलग जात उष्णता आणि दुष्काळ दोन्ही झेलतं, पण राजम्याशी क्रॉस केला की भ्रूण बहुतेक वेळा मध्येच मरतो, तो लॅबमध्ये वाढवावा लागतो, म्हणून टिश्यू कल्चर शिकून ठेवा. बियाण्यासाठी कोलंबियातल्या पाल्मिरा इथली जीनबँक (बियाण्यांचे नमुने जपणारी संस्था) आहे, राजमावर्गाचे ३७ हजारांच्या वर नमुने, एसएमटीए (नमुने देण्याघेण्याचा ठरलेला आंतरराष्ट्रीय) करार करून मागवता येतात.

घाई असेल तर हे फिल्ड नको, लाईन स्थिर व्हायला पिढ्या जातात. एफ२ मध्ये (क्रॉसनंतरच्या दुसऱ्या पिढीत) ५० टक्के जनुकजोड्या अजून मिश्र असतात, एफ६ ला कुठे ३ टक्क्यांवर येतात. तोवर डेटा साचतो, त्यासाठी आर (R, आकडेवारीची संगणक भाषा) शिका, एक्सेलवर भागत नाही.

आणि दाण्याचा रंग आणि शिजायला लागणारा वेळ पहिल्यापासून लिहून ठेवा. माझी सगळ्यात जास्त उत्पन्न देणारी लाईन शेवटी रंगावरूनच बाद झाली.