कुठला निधी आधी, कुठला नंतर: महाराष्ट्रात तंत्रज्ञान-उद्योग सुरू करताना संस्थांची मदत कशी घ्यावी

महाराष्ट्रात नव्या तंत्रज्ञान-उद्योगाला हात देणाऱ्या संस्थांची वानवा नाही. पवईला आयआयटी मुंबईची साइन २००४ पासून आहे. पुण्यात पाषाणला एनसीएलच्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या) आवारात व्हेंचर सेंटर २००७ पासून आहे. छत्रपती संभाजीनगरला तिथल्या उद्योजकांच्या संघटनेच्या पुढाकारातून मॅजिक उभी राहिली. राज्य सरकारची महाराष्ट्र राज्य नाविन्यता सोसायटी आहे आणि प्रत्येक जिल्ह्याला जिल्हा उद्योग केंद्र आहे. गाडी अडते ती क्रमावर. एक योजना आधी घेतली की दुसरीचे दार बंद होते, कंपनीची नोंदणी झाली की मुदत मोजायला सुरुवात होते, आणि या गोष्टी बहुतेकांना अर्ज फेटाळला गेल्यावर कळतात.

कंपनी नोंदवण्याआधी

वस्तू बनवणार असाल, म्हणजे सेन्सर, यंत्र, वैद्यकीय उपकरण असे हाताला लागणारे काही, तर पहिला विचार निधी-प्रयासचा करा. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची ही योजना प्रोटोटाइप बनवण्यासाठी १० लाख रुपयांपर्यंत अनुदान देते. मुदत साधारण १८ महिन्यांची असते. अर्ज दिल्लीला नाही, तर एखाद्या इन्क्युबेटरमधल्या (नव्या कंपन्यांना जागा, उपकरणे आणि मार्गदर्शन देणाऱ्या संस्थेतल्या) प्रयास केंद्राकडे करायचा. निव्वळ सॉफ्टवेअर यात बसत नाही. पण अर्ज कंपनीच्या नावाने असलाच पाहिजे असे नाही, व्यक्तीही करू शकते, आणि खरा फायदा इथेच आहे.

कारण पुढची मोठी पायरी आहे स्टार्टअप इंडिया सीड फंड, आणि तिची अट अशी की अर्जाच्या दिवशी कंपनी दोन वर्षांपेक्षा जुनी नसावी. हार्डवेअरचा पहिला चालणारा नमुना हाती यायला वर्ष-दीड वर्ष सहज जाते. कंपनी पहिल्याच महिन्यात नोंदवली तर यातली बहुतेक मुदत नमुना दुरुस्त करण्यात संपते आणि सीड फंडाला अर्ज करायची वेळ येते तेव्हा हातात जेमतेम काही महिने उरतात. म्हणून पहिला नमुना व्यक्तीच्या नावाने, प्रयासच्या पैशांतून करा आणि तो बऱ्यापैकी चालू लागला की कंपनी काढा. ग्राहक बिल मागतोय किंवा गुंतवणूकदार पैसे घेऊन उभा आहे अशी स्थिती असेल तर अर्थातच थांबू नका. भागीदार एकापेक्षा जास्त असतील तर कंपनी नसतानाही कोणाचा किती हिस्सा आणि शोधाची मालकी कोणाकडे जाणार, हे कागदावर लिहून सह्या करा. कॉलेजच्या प्रयोगशाळेत काम झाले असेल तर संस्थेचा त्या शोधावर हक्क आहे का, हे विचारून लेखी पत्र घ्या. हे पत्र नसल्यामुळे मंजूर निधी महिनोन्‌महिने अडकतो.

कंपनी काढताना प्रायव्हेट लिमिटेडच काढा, असे आमचे स्पष्ट मत आहे. डीपीआयआयटीची (केंद्राच्या उद्योग प्रोत्साहन विभागाची) स्टार्टअप मान्यता एलएलपीला (मर्यादित दायित्वाच्या भागीदारीला) आणि नोंदणीकृत भागीदारीलाही मिळते, प्रोप्रायटरशिपला मात्र मिळत नाही. पण एलएलपीला परिवर्तनीय डिबेंचर (पुढे शेअरमध्ये बदलता येणारे कर्जरोखे) काढता येत नाहीत आणि शेअर देता येत नाहीत. सीड फंडाचा मोठा भाग आणि बहुतेक गुंतवणूकदार याच मार्गाने पैसे देतात.

मान्यता आणि १० लाखांचा हिशेब

डीपीआयआयटी मान्यतेचा अर्ज ऑनलाइन आहे आणि त्याला शुल्क नाही. एजंटला पैसे देण्याचे काही कारण नाही. अर्ज परत येतो तो बहुधा ‘नावीन्य काय’ या परिच्छेदावर. ‘आम्ही एआयच्या साहाय्याने शेतकऱ्यांना सेवा देतो’ हे नावीन्य नव्हे. आज तेच काम कसे होते, त्यात कुठे अडते आणि तुमच्या रचनेतला कोणता भाग ती अडचण सोडवतो, हे चार वाक्यांत लिहा आणि सोबत चालत्या नमुन्याचा व्हिडिओ जोडा.

आता सीड फंड. २०२१ मध्ये ९४५ कोटी रुपयांची ही योजना चार वर्षांसाठी जाहीर झाली, त्यामुळे अर्ज लिहायला बसण्याआधी अर्ज स्वीकारणे सध्या चालू आहे का, हे पोर्टलवर पाहून घ्या. रचना अशी: संकल्पना सिद्ध करणे, प्रोटोटाइप आणि चाचण्यांसाठी २० लाखांपर्यंत अनुदान; बाजारात उतरण्यासाठी व वाढीसाठी ५० लाखांपर्यंत रक्कम, पण ती परिवर्तनीय डिबेंचर किंवा कर्जाच्या रूपात. कर्जाचा व्याजदर रेपो दरापेक्षा जास्त नसतो, फेड ६० महिन्यांच्या आत करायची असते आणि तारण किंवा हमी लागत नाही. एक कंपनी अनुदान एकदा आणि कर्ज-डिबेंचर एकदा, असे दोन्ही घेऊ शकते. भारतीय प्रवर्तकांचा हिस्सा किमान ५१ टक्के हवा.

सगळ्यात जास्त अर्ज अडवणारी अट मात्र वेगळी आहे. केंद्र किंवा राज्याच्या इतर योजनांतून १० लाखांपेक्षा जास्त आर्थिक मदत आधी घेतलेली नसावी. बक्षिसाची रक्कम, सवलतीतली जागा, संस्थापकाचा मासिक भत्ता आणि प्रयोगशाळेचा वापर यात मोजत नाहीत. प्रयासचे पूर्ण १० लाख घेतले तरी तुम्ही मर्यादेच्या आत राहता, पण त्यानंतर एखाद्या योजनेचे दोन लाख घेतले की बाहेर पडता. म्हणून लहानसहान अनुदानांचा मोह टाळा.

जैवतंत्रज्ञान किंवा वैद्यकीय क्षेत्रात असाल तर इथे निवड करावी लागते. बायरॅकची (जैवतंत्रज्ञान उद्योगाला मदत करणाऱ्या केंद्राच्या संस्थेची) बिग योजना ५० लाखांपर्यंत अनुदान देते आणि अर्ज वर्षातून दोनदा, १ जानेवारी आणि १ जुलैला खुले होतात. रक्कम मोठी आहे आणि परत करायची नाही. पण बिग घेतले की वरच्या १० लाखांच्या अटीमुळे सीड फंड गेला असे समजा. प्रयोगशाळेतले काम मोठे असेल तर बिगच बरे. काम मुख्यतः उत्पादन आणि विक्रीचे असेल तर सीड फंड धरा.

इन्क्युबेटर निवडताना

सीड फंडाच्या अर्जात तीन इन्क्युबेटर पसंतीक्रमाने देता येतात. नाव बघून निवडू नका. तुमच्या कामाला कोणते उपकरण लागते आणि ते कुठे आहे, हे आधी पाहा. रसायन, पदार्थविज्ञान किंवा जैव क्षेत्रातल्या माणसाला व्हेंचर सेंटरच्या प्रयोगशाळा उपयोगी. वाहनांशी संबंधित सॉफ्टवेअर आणि इलेक्ट्रॉनिक्स असेल तर पुण्यातले एसटीपीआयचे (केंद्राच्या सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क संस्थेचे) मोशन केंद्र जवळचे. भेटीला गेल्यावर व्यवस्थापकाशी बोलून झाले की तिथे बसलेल्या दोन कंपन्यांशीही बोला. मंजुरीनंतर पहिला हप्ता किती दिवसांत आला, उपकरणाची वेळ मिळायला किती थांबावे लागते, मार्गदर्शक महिन्यातून खरोखर किती वेळा भेटतो, एवढे तीन प्रश्न पुरतात.

करारनामा मात्र ओळीओळीने वाचा. इन्क्युबेटर इक्विटी (कंपनीतला हिस्सा) घेणार असेल तर ती कोणत्या दिवशीच्या भागभांडवलावर मोजली जाणार आणि पुढच्या गुंतवणुकीत तो हिस्सा इतरांसारखाच कमी होणार का, हे लिहिलेले हवे. कमी होणार नसेल तर पुढचा गुंतवणूकदार तिथेच अडतो. जागा सोडली तरी शोधाची मालकी तुमचीच राहील, हेही कलम पाहा. सीड फंडाच्या निवडीसाठी इन्क्युबेटरला तुमच्याकडून शुल्क घेता येत नाही. कोणी मागितले तर दुसरीकडे जा.

टप्पे कसे लिहावेत

पैसे टप्प्याटप्प्याने येतात, म्हणून अर्जाचा जीव टप्प्यांच्या तक्त्यात असतो. समजा, तुम्ही जमिनीतला ओलावा मोजणारे यंत्र बनवताय. ‘टप्पा २: प्रोटोटाइपची शेतात चाचणी’ असे लिहिले तर समितीला तपासण्यासारखे काहीच नाही आणि पुढे हप्ता मागताना वाद होतो. त्याऐवजी असे लिहा: ‘२० यंत्रे तयार. काळ्या आणि मुरमाड जमिनीत प्रत्येकी १०. चाचणी ६० दिवस. दर आठवड्याला यंत्राशेजारची माती १०५ अंश सेल्सिअसला २४ तास भट्टीत वाळवून काढलेल्या ओलाव्याशी तुलना. फरक ५ टक्के अंकांच्या आत. किमान १६ यंत्रे पूर्ण काळ चालू.’ शेवटचा आकडा महत्त्वाचा आहे. वीसच्या वीस चालतील असे लिहिले आणि दोन यंत्रांत पाणी शिरले, तर काम चांगले होऊनही टप्पा कागदावर अपुरा राहतो. तारखा लिहिताना हंगामही पाहा. पावसाळी चाचणी लागणार असेल आणि पैसे ऑक्टोबरात आले तर आठ महिने वाया जातात, म्हणून कोरड्या हंगामात करता येईल असा एक टप्पा आधी ठेवा.

खर्चाच्या तक्त्यात पुढच्या गोष्टी हमखास सुटतात. कोटेशनमध्ये जीएसटी धरलेला नसतो आणि १८ टक्क्यांचे खिंडार पडते. पीसीबीची (इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्डाची) एकच फेरी धरलेली असते; पहिल्या बोर्डात चूक निघतेच, तेव्हा किमान दोन फेऱ्या धरा आणि सुटे भाग १५ ते २० टक्के जास्त. प्लॅस्टिकच्या आवरणासाठी इंजेक्शन मोल्ड या टप्प्यावर बनवू नका, रचना बदलली की तो भंगारात जातो. २० नगांना थ्रीडी प्रिंटिंग पुरते. यंत्र बिनतारी असेल तर डब्ल्यूपीसी या केंद्राच्या बिनतारी नियमन शाखेची ईटीए ही उपकरण-मान्यता लागते; आधीच प्रमाणित केलेले रेडिओ मोड्यूल वापरले तर हे काम खूप सोपे होते. अनुदानातून कारखाना किंवा कार्यालय उभारता येत नाही, आणि मंजुरीच्या तारखेआधी केलेला खर्च धरला जात नाही.

राज्याकडून काय मागावे

नाविन्यता सोसायटीकडून मिळणारी सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे पहिला सरकारी ग्राहक. महाराष्ट्र स्टार्टअप सप्ताहात निवड झालेल्या २४ स्टार्टअपना कार्यादेश देऊन त्यांचे उत्पादन एखाद्या सरकारी विभागात प्रत्यक्ष चालवून पाहिले जाते. सादरीकरणात यंत्राच्या गुणांपेक्षा नेमका विभाग, नेमके ठिकाण आणि तिथे काय बदलेल ते सांगा. पेटंटच्या खर्चाची भरपाईही सोसायटी देते: भारतीय पेटंटसाठी २ लाखांपर्यंत, आंतरराष्ट्रीय पेटंटसाठी १० लाखांपर्यंत. पैसे आधी तुम्हाला खर्चावे लागतात, म्हणून प्रत्येक बिल कंपनीच्या नावाने आणि बँकेतून फेडलेले असू द्या. स्टार्टअपला पेटंट शुल्कात ८० टक्के सवलत आहे. त्यासाठी फॉर्म २८ जोडायला विसरू नका. आणि प्रदर्शनात यंत्र मांडण्याआधी पेटंटचा तात्पुरता अर्ज दाखल करा, पूर्ण अर्जाला त्यानंतर १२ महिने मिळतात.

उत्पादनाकडे वळताना जिल्हा उद्योग केंद्र आणि एमआयडीसीशी संबंध येतो. त्याआधी चाचणी आणि लहान प्रमाणातल्या कामासाठी वाळूजचे मराठवाडा ऑटो क्लस्टर किंवा चिंचवडचे ऑटो क्लस्टर वापरा, स्वतः यंत्र विकत घेण्यापेक्षा ते कितीतरी स्वस्त पडते. पुण्याच्या मराठा चेंबरसारख्या उद्योजक संघटनेचे सभासदत्व अनुदानासाठी घेऊ नका, ग्राहक गाठण्यासाठी घ्या.

पैसे आल्यावर अनुदानासाठी वेगळे बँक खाते ठेवा, त्यातून दुसरा खर्च करू नका, आणि सीएकडून उपयोगिता प्रमाणपत्र (पैसे ठरल्या कामावरच खर्चले, याचा दाखला) वेळेत घ्या. ते नसेल तर पुढचा हप्ता निघत नाही. टप्पा चुकणार असे दिसले तर तारीख उलटायच्या आधीच, शक्यतो महिनाभर अगोदर, कारण आणि सुधारित तारीख लिहून इन्क्युबेटरला कळवा. मुदत वाढवून मिळण्याची शक्यता तेव्हा असते. तारीख उलटून गेल्यावर तोच अर्ज खुलासा ठरतो.