रोटोरुआ आणि टोंगारिरोला निघण्यापूर्वी

न्यूझीलंडच्या उत्तर बेटावर रोटोरुआ शहरापासून रुआपेहू डोंगरापर्यंत पसरलेला ज्वालामुखींचा पट्टा बघायला जाणार असाल, तर बॅग भरण्याआधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. इथल्या उकळत्या पाण्यावर माओरी, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांची, कुटुंबं पिढ्यान् पिढ्या रांधत आली आहेत, त्याच पाण्याने न्हात आली आहेत, आणि इथल्या डोंगरांना ती पूर्वज मानतात. आपण कुणाच्या तरी घरी पाहुणे म्हणून चाललो आहोत, हे लक्षात ठेवून यादी करायला बसलं की काय घ्यायचं, काय मागे ठेवायचं आणि काय शिकून जायचं, हे झटपट ठरतं.

कागदपत्रांचं काम आधी उरकून टाका. भारतीय पासपोर्टवर व्हिसा निघण्यापूर्वीच काढावा लागतो. गाडी आपल्यासारखीच डावीकडून चालते आणि इंग्रजीत छापलेलं भारतीय लायसन्स चालतं. ऑकलंडहून रोटोरुआ साधारण तीन तासांवर आहे.

खाऊच्या डब्यांकडे मात्र नीट लक्ष द्या. चिवडा, लाडू, मसाले, लोणचं, जे काही न्याल ते सगळं प्रवेशाच्या घोषणापत्रात लिहा. लिहिलेली वस्तू तपासणीत काढून घेतली तरी दंड होत नाही. न लिहिता सापडली तर जागच्या जागी न्यूझीलंडचे ४०० डॉलर दंड भरावा लागतो. मध तर नेऊच नका. बुटांचंही तसंच. सह्याद्रीतल्या गडांवर वापरलेले बूट न्यायचे असतील तर तळव्याच्या खाचांतली माती ब्रशने घासून काढा, बूट पूर्ण वाळवा आणि घोषणापत्रात नोंदवा. परक्या मातीतून एखादं बी किंवा रोग आत गेला तर तिथल्या जंगलाला तो झेपणार नाही, म्हणून एवढी कडक तपासणी असते.

चांदी घरी ठेवा. रोटोरुआच्या हवेत हायड्रोजन सल्फाइड असतो, त्याने जोडवी, पैंजण, चांदीच्या साखळ्या काळ्या पडतात. दमा असेल तर डॉक्टरांशी आधी बोला आणि इनहेलर हाताशी ठेवा. मुक्कामाच्या खोलीत हवा खेळण्यासाठी ठेवलेले झरोके थंडी वाजते म्हणून बुजवू नका. हा वायू बंद जागेत साठला तर जीव जाऊ शकतो. गरम कुंडात उतरायला जुना पोहण्याचा पोशाख घ्या आणि डोकं पाण्याबाहेरच ठेवा, कारण नैसर्गिक गरम पाण्यातला अमीबा नाकावाटे मेंदूपर्यंत पोहोचू शकतो. मुलांना हे निघण्याआधीच समजावा. उकळत्या कुंडांभोवतीची फळ्यांची वाट सोडायची नाही, हेही. बाजूची जमीन घट्ट दिसते, पण तिचा पापुद्रा पातळ असतो आणि खाली उकळता चिखल असतो.

आता यादीतला मोठा भाग. माओरींच्या मराएवर, म्हणजे सभागृह आणि त्यापुढच्या पटांगणात, पाहुण्यांचं स्वागत रीतसर होतं. त्याला पोफिरी म्हणतात. आधी यजमानांकडची स्त्री कारांगाची हाक देते, आणि ती ऐकल्याशिवाय पाऊल पुढे टाकायचं नसतं. काही ठिकाणी योद्धा आव्हान देत येतो आणि जमिनीवर पान किंवा डहाळी ठेवतो. तुमच्या गटाच्या प्रमुखाने नजर न हटवता ती उचलायची. म्हणून प्रमुख कोण, हे आधीच ठरवा. त्या वेळी हसू नका, योद्ध्याच्या मुद्रांची नक्कल तर अजिबात नको. पुढे भाषणं होतात आणि प्रत्येक भाषणाला गाण्याचा आधार देण्याची रीत आहे. पाहुण्यांनीही गायचं असतं. इथे बहुतेक गट गोंधळतात, म्हणून सगळ्यांना पाठ असलेल्या एखाद्या अभंगाची दोन कडवी घरीच म्हणून बघा. सूर थोडा हलला तरी चालेल, पण सगळ्यांचा आवाज निघाला पाहिजे. मग होंगी: नाक आणि कपाळ हलकेच टेकवून श्वास एक करायचा. बावरू नका, समोरच्या व्यक्तीकडे बघून त्यांच्या गतीने पुढे व्हा.

सभागृहात जाताना बूट बाहेर काढायचे, हे आपल्याला सांगावं लागत नाही. काढायला सोपे असे घाला, एवढंच. पण टेबलावर किंवा उशीवर बसायचं नाही, हे मात्र लक्षात ठेवा. डोकं पवित्र मानलं जातं, म्हणून डोक्याची उशी बसायला नाही, आणि जिथे अन्न येतं तिथे बूड टेकायचं नाही. कौटुंबिक किंवा संस्थेच्या बोलावण्याने गेलात तर कोहा, म्हणजे भेटीची रक्कम, पाकिटात घालून न्या. जमिनीतल्या खड्ड्यात तापलेल्या दगडांवर शिजणारं हांगीचं जेवण मांस आणि भाज्या एकत्र शिजवून करतात. शाकाहारी असाल तर बुकिंगच्या वेळीच सांगा, आणि भाजी वेगळी शिजते का, हेही विचारून घ्या.

रोटोरुआतल्या फाकारेवारेवा या माओरी गावात जाण्यापूर्वी तारावेरा ज्वालामुखीची हकीकत वाचा. १० जून १८८६ च्या रात्री हा डोंगर फुटला, सुमारे १२० माणसं गेली, त्यांत बहुतेक माओरी. जगभरातून लोक जे गुलाबी आणि पांढरे सोपान, म्हणजे पायऱ्यांसारखे नैसर्गिक थर, बघायला येत, तेही नाहीसे झाले. 'ते वाइरोआ' या गावातल्या वाटाड्या सोफिया हिनेरांगी यांच्या घरात साठहून अधिक लोक वाचले. बेघर झालेल्या तूहोउरांगी या माओरी जमातीच्या कुटुंबांपैकी अनेकांना फाकारेवारेवात आसरा मिळाला, आणि सोफियाही पुढे तिथेच वाटाड्या झाल्या. हे ठाऊक असलं की तिथल्या अंगणातला फोटो काढण्याआधी आपोआप विचारावंसं वाटतं.

टोंगारिरो या ज्वालामुखी डोंगरावरच्या चालीसाठी वेगळी पिशवी भरा. १८८७ मध्ये न्गाती तूफारेतोआ या माओरी जमातीचे प्रमुख होरोनुकू ते हेउहेउ यांनी ही शिखरं ब्रिटिश राणीच्या सरकारकडे सोपवली आणि त्यातून देशातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान उभं राहिलं. तिथली डोंगर ओलांडणारी वीसेक किलोमीटरची वाट चालायला सात-आठ तास लागतात. वाटेत पिण्याचं पाणी नाही, म्हणून माणशी दोन-तीन लिटर घ्या. पावसाचं जाकीट, लोकरीचा थर, टोपी आणि हातमोजे उन्हाळ्यातही हवेत, आणि तिथला उन्हाळा डिसेंबर ते फेब्रुवारी असतो. हिवाळ्यात बर्फावर चालायची साधनं आणि अनुभव नसेल तर वाटाड्याशिवाय जाऊ नका. पाचूच्या रंगाच्या तळ्यांना हात लावायचा नाही आणि शिखरांच्या माथ्यावर चढायचं नाही, ही तिथल्या लोकांची विनंती आहे, ती पाळाच. २०१२ मध्ये याच डोंगराचं ते माआरी हे मुख फुटलं होतं, त्यामुळे आदल्या रात्री आणि सकाळी जिओनेट या भूकंप-ज्वालामुखींवर लक्ष ठेवणाऱ्या संकेतस्थळावरची ज्वालामुखीच्या धोक्याची पातळी आणि हवामान दोन्ही बघा.

या चालीसाठी एक दिवस जास्तीचा राखून ठेवा, कारण वारा सुटला की वाटेच्या सुरुवातीला नेणारी बस निघतच नाही. तो दिवस ताउपो सरोवरात नावेने माइन बे गाठायला वापरा. माओरींचा पूर्वज न्गातोरोइरांगी थंडीने गोठू लागला तेव्हा त्याने हवाइकीहून, म्हणजे पूर्वजांच्या मूळ भूमीहून, आग मागवली आणि तिच्या वाटेवर ही सारी उकळती ठिकाणं उमटली, अशी कथा आहे. त्याचा दहा मीटरहून उंच चेहरा तिथल्या कड्यात कोरलेला आहे. किनाऱ्यावरून तो दिसत नाही, म्हणून नावेची जागा आदल्या दिवशीच धरून ठेवा.