नव्या देशाची निवडणूक-रचना मांडताना या चुका टाळा

इंदूरच्या आमच्या मराठी अभ्यासमंडळात राज्यशास्त्राच्या मुलांना एक आराखडा करायला देतो: वसाहत नुकतीच स्वतंत्र झाली, निवडणुका कशा घ्याल? बहुतेक जण जागा आणि मतदारसंघ मोजायला बसतात. आधी मतदार कोण, ते ठरवा.

सिलोनचंच, म्हणजे आजच्या श्रीलंकेचंच बघा. १९४७ मध्ये चहामळ्यांतल्या भारतीय तमिळांनी मतदान केलं, आपले सात प्रतिनिधी निवडून आणले. १९४८ चा नागरिकत्व कायदा आला, पुढच्या वर्षी निवडणूक कायदा बदलला आणि त्यांच्यातल्या बहुतेकांचं मत गेलं. मतदारसंघ मात्र एकूण लोकसंख्येवरच आखायचे होते. मळ्यातली माणसं मोजली जायची, त्यांच्यामुळे त्या भागाला जागा मिळायच्या आणि मत टाकायचे शेजारचे सिंहली. कागदावर हा अन्याय दिसत नाही, कारण लोकसंख्येचा आकडा खरा असतो. म्हणून प्रत्येक मतदारसंघापुढे लोकसंख्या आणि मतदारसंख्या असे दोन रकाने ठेवा. तफावत मोठी असेल तर पुढे जाऊच नका.

यादी कोण करतं, यावरही खूप अवलंबून असतं. आपल्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीआधी सुमारे २८ लाख बायकांची नोंद रद्द झाली. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढीच त्यांची ओळख लिहिलेली होती. त्यांत तेव्हाच्या मध्य भारतातल्या, म्हणजे आपल्या इंदूर-ग्वाल्हेरकडच्याही खूप जणी होत्या. आपल्याच आज्या-पणज्या त्या! नोंदणीला बायका नेमा आणि दुरुस्तीला भरपूर मुदत द्या.

मतांच्या जागा कशा होतात, ते जुन्या निकालांवर ताडून बघा. ब्रिटिश गयानात, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या तेव्हाच्या ब्रिटिश वसाहतीत, १९६१ साली छेदी जगन यांच्या पक्षाला सुमारे ४३ टक्के मतांवर ३५ पैकी २० जागा मिळाल्या. ४१ टक्केवाल्या फोर्ब्स बर्नहॅम यांच्या पक्षाला अवघ्या ११. मग ब्रिटिशांनी प्रमाणशीर पद्धत, म्हणजे मतांच्या प्रमाणात पक्षांना जागा, लादली. १९६४ मध्ये जगन यांच्या मतांचा वाटा वाढला, तरी आघाडी करून सरकार बनवलं बर्नहॅम यांनी. नवी पद्धत हिशेबाने जास्त न्याय्य होती, पण जगन यांना हटवण्यासाठी आणली, हे मला अजूनही खटकतं. पद्धत कोण आणि किती बहुमताने बदलू शकेल, हे घटनेतच लिहा.

राखीव जागा ठेवताना मतदारांच्या याद्या वेगळ्या करू नका. फिजीने १९७० मध्ये ५२ पैकी २७ जागांसाठी वंशवार याद्या ठेवल्या आणि पक्षही वंशावरच उभे राहिले. उमेदवारी राखीव, मतदार एकत्र, ही आपली रीत बरी. फक्त तिचा फेरविचार कधी आणि कोण करणार, हे त्याच कलमात घाला.