घरी शिकणारं मूल अडलं तर मदत कशी करावी

घरी शिकणाऱ्या मुलाला प्रोत्साहन कसं द्यावं असं विचारलं, की मिळणारे सल्ले बहुतेक सगळे सुरुवातीचे असतात. अभ्यासाचा कोपरा सजवा, रंगीत वेळापत्रक लावा, शिकणं मजेशीर करा. माझी दोन्ही मुलं घरीच शिकली. वेळापत्रक साधं होतं म्हणून त्यांचं मन अभ्यासातून उडालं, असं एकदाही झालं नाही. ते उडायचं एका ठरावीक क्षणी. उदाहरण अडायचं, मूल मान वर करून माझ्याकडे बघायचं आणि मी चुकीची मदत करायचे. त्या क्षणी काय करावं हे कळायला मला तीन वर्षं लागली. म्हणून हा लेख बराचसा त्या एकाच पायरीवर आहे. आधीच्या पायऱ्या सोप्या आहेत, त्या उरकून घेते.

बसण्याआधी

जागा रोज तीच ठेवा. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, तुमचाही. लहान मूल असेल तर २० मिनिटं, मोठं असेल तर ३०-४० मिनिटं बसायचं आणि मग खरोखर उठायचं.

विषय तुम्ही ठरवा, क्रम मुलाला ठरवू द्या. "आज अपूर्णांक करू या का?" असं विचारू नका. नाही म्हणायची मुभाच नसेल तर ते विचारणं खोटं आहे, आणि मुलांना ते लगेच कळतं. "आधी अपूर्णांक की आधी निबंध?" हे विचारा. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांनी प्रेरणेवर अनेक वर्षं काम केलं. त्यांच्या मांडणीत माणसाला आतून काम करावंसं वाटण्यासाठी तीन गोष्टी लागतात: आपल्या मर्जीला काही वाव आहे, हे आपल्याला जमतंय, आणि आपलं माणूस आपल्या बाजूने आहे. क्रम मुलाने ठरवला की पहिल्या गोष्टीची थोडीफार सोय होते. उरलेल्या दोन्हींचा कस मूल अडतं तेव्हा लागतो.

पहिलं उदाहरण काल जमलेल्यांपैकी द्या. नवीन त्यानंतर.

मूल अडलं

थोरली नऊ वर्षांची असताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली. उदाहरणाच्या दुसऱ्या ओळीला ती पेन्सिल खाली ठेवायची आणि वही हळूच माझ्याकडे सरकवायची. बोलायची काहीच नाही. मी पेन्सिल उचलायचे, "अगं, हे बघ, असं" म्हणत उरलेलं सोडवायचे आणि वही परत द्यायचे. ती ते नीट उतरवून घ्यायची. आमची उदाहरणं भराभर संपत होती आणि शिकवणं छान चाललंय असं मला वाटत होतं. पण ती एकटी बसली की पहिल्या ओळीच्या पुढे जात नव्हती. दुसऱ्या ओळीला थांबायची सवय तिला मीच लावली होती, आणि ती मोडायला आम्हा दोघींना जवळजवळ वर्ष लागलं. म्हणून कळकळीने सांगते, मुलाच्या हातातली पेन्सिल घेऊ नका. दाखवायचंच असेल तर वेगळा कागद घ्या, त्यावर वेगळं उदाहरण घ्या. मुलाच्या वहीत मुलाचंच अक्षर असू द्या.

मूल अडलं की सर्वांत आधी गप्प बसा. मेरी बड रो या अमेरिकन अभ्यासक महिलेने १९७०च्या दशकात वर्गांतल्या ध्वनिफिती ऐकून मोजलं होतं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एकच सेकंद थांबतात आणि मग स्वतः बोलू लागतात. हे थांबणं तीन सेकंदांच्या पुढे नेलं, तेव्हा मुलांची उत्तरं लांबली आणि उत्तरच न देण्याचं प्रमाण घटलं. घरी तर मागे वर्ग खोळंबलेला नसतो, त्यामुळे आणखी थांबता येतं. मी मनात दहापर्यंत अंक मोजते. सुरुवातीला ते दहा अंक फार लांब वाटतात. पण त्यातल्या सहाव्या-सातव्या अंकाला मूल स्वतःच "थांब, थांब" म्हणतं, असं मी किती वेळा पाहिलंय.

तरीही अडलेलंच असेल तर नेमकं काय अडलंय ते ओळखा. "मला येत नाही" या एका वाक्यामागे तीन वेगळ्या गोष्टी असतात. कधी प्रश्नच कळलेला नसतो. कधी प्रश्न कळतो, पण त्याला लागणारी मागची पायरी कच्ची असते. आणि कधी दोन्ही ठीक असतात, मूल दमलेलं असतं. ओळखायला मी एकच वाक्य वापरते: "प्रश्न काय आहे ते मला तुझ्या शब्दांत सांग." सांगता आलं नाही तर भानगड वाचण्यात आहे, गणितात नाही. तो प्रश्न मोठ्याने, सावकाश, थांबत थांबत पुन्हा वाचायला लावा. शाब्दिक उदाहरणांत निम्मी अडचण इथेच सुटते. प्रश्न बरोबर सांगितला पण पुढचं पाऊल चुकतंय, तर मागची पायरी तपासा. भागाकार अडतो तेव्हा मला बहुतेक वेळा खाली कच्चे पाढे सापडलेत. आणि सांगतानाच आवाज रडवेला झाला असेल, तर त्या दिवशी त्या उदाहरणाला तिथेच थांबवा. रडणाऱ्या मुलाला काहीही समजावता येत नाही. मी वर्षभर प्रयत्न करून पाहिलाय, उपयोग होत नाही. पाणी द्या, दहा मिनिटं बाहेर चकरा मारा, परत आल्यावर सोपं उदाहरण द्या.

आता मदत. १९७५ साली डेव्हिड वुड आणि डेव्हिड मिडलटन या संशोधकांनी आया आपल्या लहान मुलांना लाकडी ठोकळ्यांचा मनोरा रचायला कशा शिकवतात, याचं निरीक्षण केलं आणि मदतीच्या पाच पातळ्या मांडल्या. मला हे वाचायला उशीर झाला, पण तेव्हापासून अभ्यासाला बसताना हीच शिडी माझ्या डोक्यात असते. १/२ अधिक १/३ हे उदाहरण घ्या. अंशात अंश आणि छेदात छेद मिळवून मुलाने २/५ लिहिलंय.

पहिल्या पातळीवर फक्त बोलून विचाराला चालना द्यायची: "उत्तर १/२ पेक्षा मोठं यायला हवं की लहान?" कारण २/५ तर अर्ध्याहूनही कमी आहे. एवढ्याने चूक दिसली तर उत्तम. नाही दिसली, तर दुसऱ्या पातळीवर नेमकी सूचना द्या: "दोन्हीचे छेद बघ, तुकडे सारख्याच मापाचे आहेत का?" तिसऱ्या पातळीवर बोट दाखवा. २ वर बोट ठेवा, ३ वर ठेवा आणि विचारा, "या दोन्हींच्या पाढ्यांत पहिल्यांदा येणारा सारखा आकडा कोणता?" चौथ्या पातळीवर अर्धी तयारी करून द्या: दुसऱ्या कागदावर छेद ६ लिहून अंशाची जागा मोकळी ठेवा. पाचव्या पातळीवर करून दाखवा, पण वेगळं उदाहरण, समजा १/२ अधिक १/५, सगळं, सावकाश, बोलत बोलत. मग कागद बाजूला सारा आणि मुलाला स्वतःच्या उदाहरणाकडे परत जाऊ द्या.

नियम एवढाच, की मूल चुकलं तर एक पातळी वाढवा आणि जमलं तर पुढच्या वेळी एक पातळी कमी करा. वुड आणि मिडलटन यांना दिसलं, की या नियमाच्या जवळ राहणाऱ्या आयांची मुलं नंतर एकट्याने मनोरा जास्त चांगला रचत होती. पुढच्या वर्षी वुड, जेरोम ब्रूनर आणि गेल रॉस यांनी अशा मदतीला 'स्कॅफोल्डिंग' हे नाव दिलं, म्हणजे इमारतीभोवती बांधतात ती परांची. परांची कधी उतरवायची तेही ठरलेलं असतं. पालक नियमाचा हा दुसरा अर्धा भागच विसरतात. मदत वाढवायला सगळ्यांनाच जमतं. मुलाला जमू लागल्यावरही आपण सवयीने तिसऱ्या पातळीवर बोट दाखवत बसतो, आणि मूलही बोटाची वाट बघत बसतं. काल बोट दाखवून सुटलं असेल, तर आज फक्त बोलून बघा.

आणखी एक चूक माझ्याकडून सतत व्हायची. धाकटा अडला की मी पहिल्यावरून थेट पाचव्या पातळीवर उडी मारायचे, कारण स्वयंपाक राहिलेला असायचा, उशीर झालेला असायचा. घाईच्या दिवशी नवीन धडा घेऊच नका. जमलेल्याची उजळणी घ्या. घाईत घेतलेल्या नव्या धड्याचं नुकसान पुढचे चार दिवस भरून काढावं लागतं.

सुटल्यावर काय म्हणावं

"किती हुशार आहेस!" हे म्हणू नका. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांच्या १९९८च्या प्रयोगांत बुद्धीची स्तुती ऐकलेली मुलं पुढे सोपी कामं निवडू लागली, आणि अवघड प्रश्नांत अपयश आल्यावर लवकर मागे हटली. मेहनतीची स्तुती ऐकलेली मुलं टिकून राहिली. माझं मत याहून थोडं पुढचं आहे. नुसतं "छान मेहनत केलीस" हेही पोकळ लागतं. काय केलं ते नेमकं सांगा: "चूक तुझी तूच पकडलीस, छेद बघितल्यावर." ते मुलाच्या ध्यानात राहतं, आणि पुढच्या वेळी मूल छेद बघतं.

बक्षिसांबद्दल विचारतात म्हणून सांगते. १९७३ साली मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी बालवाडीच्या वयाच्या, चित्रं काढायला आवडणाऱ्या मुलांवर प्रयोग केला. ज्यांना "चित्र काढलंस तर प्रशस्तिपत्र मिळेल" असं आधी सांगितलं होतं, ती काही दिवसांनी मोकळ्या वेळात चित्रांकडे इतरांच्या मानाने निम्माच वेळ वळली. न सांगता, अचानक बक्षीस मिळालेल्यांचा ओढा मात्र घटला नाही. त्यामुळे मुलाला जे आवडतं, त्यावर बक्षीस लावूच नका. पाढे पाठ करण्यासारख्या रुक्ष कामाला कधीतरी काही दिलं तर माझी हरकत नाही, पण आधी कबूल करून नको. आमच्या घरी भिंतीवर चांदण्यांचा तक्ता होता. धाकटा अभ्यासाऐवजी चांदण्या मोजू लागला तेव्हा मी तो काढून टाकला. तीन दिवस तो रुसला, चौथ्या दिवशी विसरला.

उठण्याआधी

पुस्तक मिटा आणि विचारा, "आज काय काय केलं ते न बघता सांग." दोन मिनिटं पुरतात. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ साली दाखवलं, की पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढे असतात, पण आठवड्याने विचारलं तर आठवून पाहणारे. तो प्रयोग महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर होता. माझ्या मुलांच्या बाबतीतही मला तेच दिसलं. मूल काही विसरलं तर रागावू नका आणि लगेच दुरुस्तही करू नका. इथेही आधी दहा अंक मोजा.

एखादं उदाहरण अर्धं राहिलं असेल तर त्याच्या बाजूला मुलालाच पेन्सिलने खूण करू द्या, आणि आज कितव्या पातळीपर्यंत मदत लागली तो आकडा तुमच्या वहीत लिहून ठेवा. उद्या बसाल तेव्हा आधी एक जमलेलं उदाहरण, मग हे, आणि मदत त्या आकड्यापेक्षा एकाने कमी.