जुन्या नमुन्यातलं सल्फोसॉल्ट ओळखायचं कसं

फोटो पाहून सल्फोसॉल्टचं नाव सांगणाऱ्याचं ऐकू नका. सल्फोसॉल्ट म्हणजे शिसं, चांदी किंवा तांबं, सोबत आर्सेनिक, अँटिमनी किंवा बिस्मथ, आणि गंधक असलेलं खनिज. या घरातली बहुतेक खनिजं राखाडी आणि चकचकीतच दिसतात.

सुरुवात नमुन्यासोबतच्या चिठ्ठीपासून करा. तिच्यावरच्या खनिजाच्या नावापेक्षा खाणीचं नाव जास्त भरवशाचं असतं. ‘बिनाइट’ लिहिलं असेल तर ते आजचं टेनंटाइट, ‘स्क्लेरोक्लेज’ म्हणजे सार्टोराइट, ‘प्लुमोसाइट’ म्हणजे बहुधा बूलँजराइट नाहीतर जेम्सनाइट. मग खडक पाहा. स्वित्झर्लंडच्या बिन खोऱ्यातली लेंगेनबाख खाण लिहिली असेल, तर मागे साखरेसारखा दाणेदार पांढरा डोलोमाइट हवा. तो नसेल तर चिठ्ठी भलत्याच नमुन्याची आहे असं धरून चाला. चिठ्ठी टाकू मात्र नका.

नमुना धुऊ नका. केसाळ सल्फोसॉल्ट एकदा भिजून चिकटलं की पुन्हा मोकळं होत नाही.

भिंगाखाली घनाकार पाटन, म्हणजे घनासारखे सपाट फुटलेले पृष्ठभाग, दिसले तर गॅलेना, म्हणजे नुसतं शिसं आणि गंधक; विषय संपला. बारीक केस असतील तर सुईच्या टोकाने एक हलकेच वाकवा: बूलँजराइटचा वाकतो, जेम्सनाइटचा आडवा कट्‌कन मोडतो. कडेला लाल झाक दिसली तर दिवा लगेच बंद करा. प्रूस्टाइट आणि पायरार्गिराइट ही चांदीची लाल सल्फोसॉल्टं उजेडाने काळवंडतात.

कस, म्हणजे खनिज फरशीवर घासल्यावर उमटणाऱ्या रेघेचा रंग, घ्यायचा तो डबीच्या तळाशी पडलेल्या कणाचा, अख्खा नमुना घासून नव्हे. गॅलेनाचा कस शिसवी करडा, प्रूस्टाइटचा शेंदरी, सार्टोराइट आणि बाउमहाउएराइट या शिसं-आर्सेनिकच्या सल्फोसॉल्टांचा चॉकलेटी.

इथवर सगळं सोपं. माझं घोडं अडलं ते ईडीएसपाशी, म्हणजे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली कणातून निघणाऱ्या क्ष-किरणांवरून मूलद्रव्यं ओळखण्याच्या तपासणीपाशी. लेंगेनबाखचा एक कण मी तपासायला दिला. अहवाल आला: शिसं, गंधक, थोडं मॅग्नेशियम. डोलोमाइटात मॅग्नेशियम असतंच, तेव्हा गॅलेनावर डोलोमाइटची धूळ बसली असणार, असा हिशेब मी केला. नवी चिठ्ठी लिहिली आणि नमुना गॅलेनाच्या खणात टाकला. दोन वर्षं तो तिथेच पडून होता. कस मी घेतलाच नव्हता, कारण यंत्राने सांगितल्यावर फरशीवर कशाला घासायचं! पुढे खण आवरताना एक चुरा सहज घासला, तर रेघ चॉकलेटी.

झालं होतं असं. ईडीएसच्या आलेखात प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठरावीक ऊर्जांना उमटतात. आर्सेनिकची एक रेषा १.२८ किलोइलेक्ट्रॉन व्होल्टला येते, मॅग्नेशियमची १.२५ला. ईडीएसला त्या वेगळ्या करता येत नाहीत. आर्सेनिकची दुसरी मोठी रेषा १०.५४ला, आणि शिशाची १०.५५ला. म्हणजे तिथेही आर्सेनिक शिशाच्या पाठीमागे दडलेलं. शिवाय शिशाची २.३४ची रेषा गंधकाच्या २.३१वर चढते, त्यामुळे गंधकाच्या आकड्यावर काहीच बांधू नका.

म्हणून तक्ता घेऊन परत येऊ नका, मूळ आलेख मागा. तपासणी २० ते २५ किलोव्होल्टवर करायला लावा, कमी व्होल्टेजवर वरच्या रेषा नीट उठत नाहीत. मग ११.७३पाशी पाहा. तिथे लहानसा उंचवटा असेल तर आर्सेनिक आहे. शिशाची पुढची ठळक रेषा थेट १२.६ला येते. आणि मॅग्नेशियम खरंच डोलोमाइटाचं असेल, तर कॅल्शियमही दिसायलाच हवं. माझ्या अहवालात कॅल्शियम नव्हतं. कागद हातात होता, आणि मी ते वाचलं नाही. (अँटिमनीच्या खनिजांत कॅल्शियमचाही भरवसा धरू नका: अँटिमनी ३.६०ला, कॅल्शियम ३.६९ला. तिथेही आलेखच पाहा.)

आर्सेनिक पक्कं झालं की शिसं : आर्सेनिक असं अणूंचं प्रमाण काढा. सार्टोराइटात १ : २, बाउमहाउएराइटात ३ : ४, ड्यूफ्रेनॉयसाइटात १ : १. आकडा अधेमधे पडला तर तो ओढूनताणून कुठल्या नावात बसवू नका, थॅलियम किंवा चांदी आहे का ते पाहा. स्फटिकरचना ओळखायला पावडर करून तिच्यावर क्ष-किरण तपासणी घ्यायचा सल्ला मला तरी पटत नाही. एकाच कणात दोन खनिजं एकमेकांत वाढलेली असतात आणि पावडरीत ती कायमची मिसळतात. एकल स्फटिकावरच घ्या, नाहीतर थांबा. सार्टोराइटच्याही आता हेप्टासार्टोराइट, एन्नीआसार्टोराइट अशा जवळच्या प्रजाती मानल्या आहेत, त्या नुसत्या प्रमाणावरून वेगळ्या होत नाहीत.

माझ्या कणाचं प्रमाण १ : २च्या आसपास आलं. चिठ्ठीवर आता ‘सार्टोराइट गट, कस आणि ईडीएसवरून’ एवढंच लिहिलंय. खाली जुनी मूळ चिठ्ठी आहे, आणि तिच्याखाली माझी गॅलेनाची.